नरसय्या काकांचं मागचं पान

नरसय्या काकांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ती आधी उलटी व्हायची. लग्नपत्रिका, टॉवेल, दुकानातला नवा शर्ट, एकदा तर मी आणलेलं सत्यनारायणाच्या प्रसादाचं ताटसुद्धा उलटं होता होता वाचलं. "पुढची बाजू गिऱ्हाईकाची असतंय," ते म्हणायचे, "मागची आपली." अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चादरींची नक्षी ग्राफच्या कागदावर काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि पासष्टीतही ते तेच करत होते. तिथे एक चौकोन चुकला की निघणारी प्रत्येक चादर चुकते. त्यामुळे माणूस कमालीचा काटेकोर, आणि त्यांची मोराची चादर तर गावभर गाजलेली. आमच्या गल्लीत कुणाचं भांडण लागलं की म्हणत, "नरसय्याला विचारा, तो खोटं बोलायचा नाही." हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

मी, शबाना आणि विठ्ठल दर रविवारी दुपारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत एक खेळ खेळतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचं बळ, बुद्धी, चपळाई आकड्यांत मांडायची. मग एकाने गोष्ट सांगत जायचं, आणि संकटातून कोण तरलं, कोण बुडालं ते फाशांनी ठरवायचं. आमची आई याला घोड्यांची भातुकली म्हणते. शबाना शाळेत गणित शिकवते. तिचे वडील हुसेनभाई काकांच्याच कारखान्यात होते, ते वारून सहा वर्षं झाली. विठ्ठल मोडनिंबकडच्या मेंढपाळ घरातला, सध्या टॉवेलच्या दुकानात काउंटरवर असतो.

पात्रं बनवायला परवडेल असं ॲप शोधताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. एक ॲप तीन पात्रं फुकट द्यायचं आणि चौथ्याला कुलूप लावायचं. दुसरं दरमहा डॉलर मागायचं. तिसऱ्यात चित्रं देखणी, पण सगळे टोकदार कानांचे आणि लोखंडी चिलखतातले. विठ्ठलला त्याच्या धनगरासाठी घोंगडं हवं होतं. तो वैतागून म्हणाला, "कान पायजे तेवडं लांब करून देत्यात, आन् एक घोंगडं न्हाय व्हय ह्यांच्याकडं?" शेवटी एका ॲपची मोफत मुदत संपली आणि आमची वर्षभराची सगळी पात्रं एका सकाळी गायब झाली. मी सुन्न होऊन ओट्यावर बसलो होतो, तेव्हा शेजारून नरसय्या काका आले.

त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला. अर्थातच आधी उलटा करून पाहिला. मग सगळं ऐकून म्हणाले, "अय्यो, ग्राफ तर तुझ्या कंप्युटरमध्ये फुकट हाय की. पैशे कशाला देतंय?"

ग्राफ म्हणजे स्प्रेडशीट. दवाखान्यात मी रोज तिच्यात पेशंटची नावं भरतो आणि मला कधी हे सुचलं नव्हतं! त्या रविवारी गच्चीवर काकांनी माझ्या लॅपटॉपवर रकाने दाबून बारीक चौकोन केले, एकेक चौकोन रंगवला आणि तासाभरात पडद्यावर घोंगडं पांघरलेला धनगर उभा राहिला. त्याच्या दाढीत दोन पांढरे चौकोनसुद्धा होते. शेजारी बळ-बुद्धीचे आकडे शबानाने असे बसवले की बेरीज आपोआप होई. विठ्ठल तर पडद्याला हात लावून बघत राहिला. "काका, ह्यो आमचा आज्जाच हाय की वो!"

पण काकांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी प्रत्येक पात्राला एक मागचं पान जोडलं. "हितं खोट लिवायची," ते म्हणाले. "गुण कोणपण लिवतंय. खोट न्हाय ते माणूस न्हाय, जाहिरात हाय." खोट लिहिल्याशिवाय पात्र खेळात घ्यायचं नाही आणि एकाचं पान दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, असा त्यांनी नियमच केला. विठ्ठलचा धनगर पाण्याला भ्यायचा. शबानाच्या लढवय्यीची खोट मी वाचली: कुणी फसवलं तरी ही गप्प बसते.

"आमच्या अब्बांवरून घेतलंय," शबाना हसत म्हणाली.

काकांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल.

पुढच्या रविवारी ते स्वतःचं पात्र घेऊन आले. पासष्टीचा माणूस आमच्यात खेळणार म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. पात्र एका म्हाताऱ्या विणकराचं होतं. वाचायची पाळी शबानाची होती. पुढचं पान तिने नाटकी आवाजात वाचलं, आम्ही हसलो. मग तिने मागचं उघडलं आणि त्याच आवाजात सुरुवात केली.

"खोट. हुसेन टायफॉइडनं पडलेला असताना त्याच्या ड्रॉवरातली मोराची नक्षी काढली. माझी म्हणून शेठला दाखवली. त्यानं मला नक्षीचा हेड केले. हुसेन बरा होऊन आला, बघितला, काय बोलला नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. मीपण बोललो नाही."

शेवटच्या वाक्यापर्यंत तिचा आवाज नाटकी राहिला नव्हता. क्षणभर वाटलं, काकांनी चुकून भलतंच काही लिहिलं असेल. पण एकेक चौकोन तीनदा तपासणारा हा माणूस, त्याच्या हातून असली चूक कशी होईल? वाचणार कोण, हे त्यांना ठाऊक होतं. ते मांडीवर हात ठेवून शबानाकडे बघत बसले होते.

"अब्बा ती चादर अंगावर घ्यायचे नाहीत," शबाना म्हणाली. "अम्मीने हौसेनं आणली होती. थंडीत कुडकुडायचे, पण मोर नक्को म्हणायचे. आम्ही त्यांना हसायचो, काका. आम्ही त्यांना हसायचो."

मग तिने लॅपटॉप मिटला. "हे इथं सांगून काय उपयोग? तिथं सांगा. कारखान्यात. सगळ्यांसमोर."

"व्हय," काका म्हणाले.

मंगळवारी आम्ही तिघे त्यांच्याबरोबर गेलो. खरं सांगतो, ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं. मागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याचं ऐकू येईना. काका मधल्या वाटेत उभे राहून बोलायला लागले, ओठ हलत होते, कुणी मानही वर केली नाही. तेव्हा ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. एक माग पाच मिनिटं बंद पडला तर जेवण सोडून धावणारा माणूस! सगळे माग थांबले. शेठ केबिनमधून पळत आले.

"मोर माझं न्हाय," काका म्हणाले. "हुसेनचं हाय. मी चोरलं." चादरींच्या घड्या घालणाऱ्या, मराठी नीट न कळणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी त्यांनी तेच पुन्हा तेलुगूत सांगितलं.

आणि मग कोपऱ्यातला एक जुना कामगार शांतपणे म्हणाला, "आमाला म्हाईत होतं की, नरसय्या. मोराचा तसला पाय हुसेनच काढायचा."

दोन-तीन पांढरी डोकी खाली झाली. मला काकांच्या चोरीने बसला नव्हता एवढा धक्का त्या वाक्याने बसला. शबाना एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "मग कुणी बोललं का नाही?" तिने विचारलं. मग स्विचकडे बोट दाखवून ती काकांना म्हणाली, "चालू करा. लोकांची मजुरी बुडतेय."

काकांनी त्याच दिवशी नोकरी सोडली. गल्लीतल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, भांडणं घेऊन तर कुणीच जाईना. मी दोनदा रविवारी बोलवायला गेलो. "शबाना येतंय ना? मग मी न्हाय," एवढंच म्हणाले. मलाही त्यांचा राग आला होता, पण त्यांना टाकवतही नव्हतं. चार महिन्यांनी काका हृदयविकाराने गेले.

शबाना त्यांच्या घरी येईल असं वाटलं नव्हतं. ती आली, काकूंजवळ तासभर बसली, उठताना त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी तिला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला गेलो. माफ केलंस का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. रिक्षात बसता बसता तीच म्हणाली,

"ठाऊक सगळ्यांना होतं रे. अब्बांचं नाव घेणारा एकटा तोच निघाला, आणि तोही गेला."