माझ्या वाट्याची दस्तुरी

"घे मुकाट्याने," हेडक्लार्क विनायकराव म्हणाले आणि माझ्या टेबलाच्या खणात त्यांनी पुरचुंडी टाकली. मी ती काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पुन्हा माझ्या खणात टाकली. कल्याणच्या गुड्स ऑफिसात दर शनिवारी आमचा हा खेळ चाले.

पुरचुंडीत दस्तुरी असे, म्हणजे वरकमाईतला माझा वाटा. आगगाडी नवीन, पण दस्तुरी जुनीच. दिवाळी सरली की शीळ, मुरबाडकडून गवताच्या बैलगाड्या यार्डात येत. ते गवत मुंबईच्या घोड्यांना जाई. वॅगन थोड्या, गवत ढीगभर. रजिस्टरात ज्याचे नाव आधी त्याला वॅगन आधी, हा नियम. प्रत्यक्षात विनायकरावांच्या हातावर जो काही ठेवी, तो आधी. शनिवारी त्याचे सगळ्या ऑफिसात वाटे पडत. न घेणारा मी एकटा, म्हणून सगळ्यांना माझीच भीती.

मी ख्रिस्ती. नोकरी टेंपररी होती, पण क्वार्टर मिळाले होते आणि साहेब त्या महिन्यात मला कायम करणार होता. घरी माझ्या बायकोने, रूथने, फळीवर तीन मडकी मांडली होती. पगाराचा दहावा भाग आधी देवाच्या मडक्यात, मग घरखर्च, मग अडीनडीला. कर्ज काढायचे नाही, व्याजाने द्यायचे नाही. शास्त्र आम्हाला एवढेच कळत होते, आणि तेवढे पुरे होते.

विनायकराव एकदा पुरचुंडी घेऊन थेट घरीच आले. "वहिनी, तुम्ही तरी ठेवा."

"कोणत्या मडक्यात घालू, भावोजी?" रूथने विचारले. "देवाच्या घातले तर देव चोर, घरच्या घातले तर आम्ही."

"तुमचा देव भारीच सोवळा!" म्हणून ते चालते झाले.

मग गुड्सच्या साहेबाने मला बोलावले. तो आमच्या ख्रिस्ती देवळात पहिल्या बाकावर बसे. "तुला नको ना? मग देवळाच्या दानाच्या थाळीत टाक. छप्पर पावसाळ्यात गळते." ही युक्ती त्याने आमचे पाळक रघुनाथराव यांच्याही कानावर घातली होती.

"योसेफ, कौले घ्यायची आहेत," पाळक मला म्हणाले. "पैशाला काय नाव असते?"

"अन्यायाचे दान देवाला नको, हे तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवतो रे. पण पाऊस कुठे ऐकतो?"

मला संताप आला. ऑफिसचे ठीक होते. पण लुटीचा वाटा देवाच्या नावाने धुऊन घ्यायचा? त्या शनिवारी पुरचुंडी खणात पडताच मी ती उचलली आणि सगळ्यांदेखत यार्डात गेलो. शीळचा धर्मा वॅगनमध्ये गवत भरत होता. सकाळी त्यानेच पैसे मोजले होते.

"धर्माजी, तुम्ही दिलेल्यातला हा माझा वाटा. परत घ्या."

त्याचा चेहरा उतरला. "कमी परला का, मास्तर?" आणि आणखी काढायला त्याने कनवटीला हात घातला! रेल्वेचा माणूस पैसे परत करतो तो फक्त कमी पडले म्हणून, असाच त्याचा अनुभव.

"कमी नाही हो. जास्त झाले. सगळेच जास्त."

शेजारचा गाडीवाला हे ऐकत होता. तो ओरडला, "मंग बाकीच्यांचा वाटा कोन परत देनार?" पाहता पाहता सगळे गाडीवाले ऑफिसच्या दाराशी जमले. विनायकरावांनी आतून कडी घातली.

सोमवारी साहेबाने मला समोर उभे केले. "माफी माग, आजच कायम करतो. नाहीतर एक्स्प्लनेशन दे. लेखी. यार्डात पैसे का वाटलेस?"

मी तिथेच उभ्याने एक ओळ लिहिली. पगार पुरतो, म्हणून वरचे पैसे परत केले.

साहेब लालबुंद झाला. "हे मी वर कसे पाठवू? वाचून ते उद्या सगळ्यांचेच पगार कापतील!"

"मग नका पाठवू. मी दुसरे लिहिणार नाही."

ते वर गेले नाही. मीही कायम झालो नाही. क्वार्टर गेले, ठाण्याला बदली झाली आणि कोपरीत भाड्याची खोली घ्यावी लागली. रूथने सामान बांधताना एकदाही तोंड वाकडे केले नाही. देऊळ पुढचा पावसाळा गळतच राहिले. दस्तुरीचे म्हणाल, तर ती पुढच्याच शनिवारी पुन्हा सुरू झाली.

नव्या क्लार्कांनी यातून एवढे शिकावे की पगार पुरतो, असे साहेबाला कधी लिहून देऊ नये. तो जन्मात वाढत नाही. माझा नाही वाढला. पण पुरला.