बियाण्याच्या कणगीतला फोन

माझा रोजचा दीड जीबी सकाळी अकराच्या आत संपायचा. बी.कॉम. होऊन शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढे आमच्या गावात मी घरी बसले होते. घरी बसलेल्या माणसाला केक कापणारे हात, मेंदी काढणारे हात, कुणाचेही हात बघायला केवढा वेळ असतो, ते नोकरीवाल्यांना कळायचं नाही. दीड जीबी संपला की मी वरचा पॅक मारायची, आणि त्याचे पैसे आई शहापूरला वालाच्या शेंगा विकून आणायची. एकदा ती शेंगांचे वाटे लावता लावता म्हणाली, "असं चार वाटं इकलं का तुझा येक दिस निगतो. बगतंस तरी काय गो त्याच्यात?" मी नेमकी एक बाई शेंगा सोलते ते बघत होते.

त्या दिवशी मला खरीखुरी लाज वाटली. मी फोन आईच्या हातात दिला आणि म्हटलं, "लपवून ठेव. संध्याकाळी अर्धा तास दे. मी रडले तरी देऊ नको."

माझ्या आईला असं काही सांगायचं नसतं. ती शब्द पाळते. पहिल्या दिवशी तिने फोन मिठाच्या बरणीमागे ठेवला, दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यात. बाबांच्या साध्या फोनवरून रिंग देऊन मी दोन्ही जागा शोधल्या. मग तिने अशी जागा काढली की रिंग ऐकू आली तरी मी हात घालणार नाही. बियाण्याची कणगी.

झोडणी झाली की पुढच्या पेरणीचं भात आम्ही बांबूच्या उंच कणगीत भरतो आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकतो. त्यानंतर ती फोडायची ती पेरणीच्या दिवशी, हळदकुंकू वाहून, घरातल्या मोठ्या बाईने. मधे घरात खायला दाणा नसला तरी तिला कुणी शिवत नाही. आमची कणगी भरलेली होती, लिंपायची तेवढी राहिली होती. आई रोज सकाळी फोन भातात खुपसायची आणि संध्याकाळी काढून द्यायची. पाच दिवस सुरळीत गेले. मी चक्क एक पुस्तक वाचून काढलं.

सहाव्या दिवशी आम्ही मायलेकी वाल तोडायला शेतावर गेलो आणि मागे काकू आली. काकूचा लिंपायचा हात चांगला, दर वर्षी आमची कणगी तीच लिंपते. संध्याकाळी येऊन बघतो तर कणगीचं तोंड गुळगुळीत, वर काकूच्या पाच बोटांची नक्षी. आईने तोंडावर हात ठेवला. बाबा म्हणाले, "जूनमदी भेटल आता. रिचार्ज तरी वाचला."

मीही हसले असते, पण तेवढ्यात मैत्रीण धावत आली. आसनगावकडच्या एका कंपनीत आम्ही दोघींनी मुलाखत दिली होती. तिची निवड झाली होती. "तुला दुपारी लावला, तू उचलला नाय. उद्या दहाला परत लावतील. नाय उचलला तर पुढचं नाव घेतील." त्या नंबरवर उलट लावला तर नुसतं संगीत वाजायचं. वर्षभरात आलेली ही एकच संधी, आणि ती भातात पुरलेली.

"फोड ना गं," मी म्हटलं.

आईने काकूच्या नक्षीला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "तेंचा फोन आला तर फोडीन. उगाच नाय बियानाला हात लावनार."

बाबांनी फोन जिवंत आहे का बघायला रिंग दिली. कणगीतून बारीक आवाज आला. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी अजून दोनदा दिली. मी किंचाळले, "बॅटरी संपेल!"

सकाळी दहाच्या आधीच आम्ही तिघं कणगीपुढे बसलो होतो. दहाला पाच मिनिटं असताना ती वाजली. आईने आधी पदर डोक्यावर घेतला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मी नुसती नाचत होते. मग तिने विळ्याने लिंपण फोडलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि भाताच्या तुसासकट फोन बाहेर काढून कानाला लावला.

"हां बाई, बोला. येतंय ती. कवा येऊ दे?" ती अदबीने म्हणाली. मग परत म्हणाली. पलीकडची बाई थांबेच ना. मी कान लावला. रेकॉर्ड केलेला आवाज सांगत होता की माझा पॅक संपत आला आहे.

मला रडू फुटलं. आपल्या दीड जीबीपायी आईने पेरणीआधी बियाणं फोडलं, तेही या बाईसाठी, हे मला सहन होईना. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली सांडलेले दाणे एकेक वेचत होती.

तेवढ्यात फोन परत वाजला. या वेळीही आईने तो माझ्या हातात दिला नाही. आधी खात्री करून घेतली. "तू माणूस हायस का रे?" मी परत कान लावला. पलीकडचा गडबडला, पण हो म्हणाला. कंपनीतूनच होता. पगार, बस, जेवण असं तो सांगत गेला आणि आई नुसती हूं हूं करत राहिली. शेवटी तो म्हणाला, आणि मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, नऊ तास मिळत नाही, चालेल ना?

आईचा चेहरा उजळला. मला न विचारता ती म्हणाली, "सोमवारपासून येतंय ती."