वायरताईंनी टाकीला बोलतं केलं

आमच्या पाणीपुरवठा कचेरीत तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती वायरताई. कमरेला पक्कड आणि टेस्टर, आवाज खणखणीत, तोंडाची टकळी अखंड चालू. मोटर बंद पडली की आधी मोटरीला चार शब्द सुनावणार, मग स्क्रू उघडणार.

पाण्याची टाकी टेकडीवर, पंपघर खाली. टाकीत पाणी किती आहे ते बघायला पंपवाले काका दिवसातून तीनदा दोनशे बारा पायऱ्या चढायचे. गुडघे कुरकुरायला लागले, तसे दोन रेडिओ मोडेम मागवले गेले. एक टाकीवर, एक पंपघरात. वरच्याने पाण्याची उंची खालच्याला बिनतारी कळवायची. बसवणाऱ्या माणसाने दोन्ही डबे भिंतीला ठोकले, दिवे लुकलुकतात हे दाखवलं आणि तो गेला. पंपघरातल्या आकडा दाखवायच्या पडद्यावर मात्र आठवडाभर नुसत्या आडव्या रेघा. साहेब लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी, आणि कंपनीचा माणूस म्हणे पुढच्या महिन्यात येणार.

"तोवर मी चढतोच आहे की," काका म्हणाले आणि चौथ्या पायरीवर "आई गं" करून बसले.

"उठा, खुर्चीत बसा," वायरताई म्हणाली. "ह्या डब्यांना मीच बोलतं करते."

हे काम तिने जन्मात केलं नव्हतं. माहितीपुस्तक इंग्रजीत, आणि तिचं इंग्रजी ऑन-ऑफपुरतं. पण धाकटी नणंद शाळेत इंग्रजी शिकवते. शनिवारी दुपारी तिला पुस्तकाचे फोटो पाठवले आणि फोन स्पीकरवर लावला.

"वाचा, मास्तरीणबाई."

पंपघरातल्या मोडेमच्या मागे केबल जोडायचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट होता. त्यातून केबल कचेरीच्या जुन्या लॅपटॉपला जोडली. मोडेम चालू केल्याबरोबर लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत प्रश्नचिन्हं आणि चौकोन सांडले.

"हा शिव्या देतोय गं मला!"

"वहिनी, लॅपटॉपचा आणि मोडेमचा वेग जुळत नाहीये. नऊ हजार सहाशे कर."

वेग बदलून मोडेम पुन्हा चालू केला, तर स्वच्छ एक ओळ उमटली. आता बेरजेची तीन चिन्हं टाइप केली की मोडेम आज्ञा ऐकायला तयार होणार होता. तिने ती टाइप केली. काही नाही. पुन्हा केली, एन्टर बडवला, दरडावलंसुद्धा. ढिम्म.

नणंदेने पान पुन्हा वाचलं आणि तिला हसू आवरेना. "अगं, चिन्हांच्या आधी एक सेकंद आणि नंतर एक सेकंद काहीही पाठवायचं नाही. एन्टरही नाही. हाताची घडी घाल!"

वायरताईने हाताची घडी घातली, आणि कधी नव्हे ते तोंडही मिटलं. पडद्यावर दोन अक्षरं आली. ओके. काकांनी टाळी वाजवली.

पंपघरातल्या मोडेमचा नेटवर्क क्रमांक सात निघाला. तो तळहातावर लिहून, खालच्या पडद्याची केबल परत जोडून ती लॅपटॉपसकट टेकडी चढली. वरच्याचा क्रमांक होता एक. दोघे एकमेकांना ऐकणार कसे? तिने एकाचे सात केले, ओके बघितलं, फोन ठेवला, वीज बंद करून पाणी मोजणाऱ्या यंत्राची केबल परत जोडली, वीज सुरू केली आणि गाणं म्हणत खाली आली.

पडद्यावर रेघाच.

पुन्हा दोनशे बारा पायऱ्या. वर बघते तर क्रमांक परत एक.

"जतन करायची आज्ञा वेगळी असते," नणंद फोनवर म्हणाली. "शेवटच्या ओळीत आहे."

"मग ती आधी नाही वाचायची?"

"तू फोन ठेवलास! वाचू कुणाला?"

ह्या वेळी सात लिहून तिने जतन केलं, वीज बंद-चालू करून खात्री केली, मगच केबल जोडली आणि काकांना फोन लावला.

"काका, आकडा आला का?"

"आलाय. पण सांगणार नाही. आधी तू मोजून सांग."

तीस वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी पाणी मोजलेला माणूस, डब्यावर लगेच कसा विसंबेल? वायरताईने झाकण उघडून मोजपट्टी सोडली. "तीन मीटर चाळीस."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काका? आहात ना?"

"आहे गं पोरी." काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "इथंही तेच दिसतंय."

ती टाकीच्या कठड्याला टेकून एकटीच खळखळून हसली. तशीच हसत खाली आली तेव्हा काका सगळ्यांसाठी चहा सांगून बसले होते.

रविवारी तिने सगळं चार पानांवर मराठीत लिहून काढलं. काय दाबायचं, कुठे थांबायचं, कशात फसायला होतं, सगळं. पुढच्या महिन्यात कंपनीचा माणूस खरंच आला. चालू आकडा बघून तो गोंधळला, मग त्याने ती पानं उभ्या उभ्या वाचली.

"ताई, ह्याचे फोटो काढू का? आमच्याकडे इतकं सोपं लिहिलेलं नाही."

"काढा की," वायरताई म्हणाली, "पण हस्ताक्षराला हसलात तर बघा." आणि पक्कड उचलून दोन नंबरच्या मोटरीला सुनावायला निघून गेली.