रेवा म्हणाली, साय

मी निघाले तेव्हा बबन दोन सामुराई फौजांच्या मधोमध अडकलेला होता. विमानतळाच्या दारापाशी बाबांनी बॅग माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "परत आलीस की पुढचं सांगतो." मी सत्तावीस वर्षांची, दोन वर्षांच्या करारावर नेदरलँड्सला निघालेली. त्या वयात बापाने गोष्ट अर्धवट ठेवली म्हणून रडू यावं हे हास्यास्पदच, पण आलं. त्या दोन वर्षांची आता अकरा झाली आहेत.

बबन म्हणजे बाबांच्या गोष्टीतला चिंचवडचा फिटर. बाबाही टूलरूममध्येच होते. मी पहिलीत असताना कंपनीने त्यांना सहा महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं, तिथून ते एक कॅल्क्युलेटर आणि ही गोष्ट घेऊन आले. ग्राइंडरची ठिणगी उडते आणि बबन चारशे वर्षं मागे, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सामुराईंत जाऊन पडतो. दोन्ही बाजूंच्या तलवारींना तोच धार लावतो, म्हणून त्याला कुणी मारत नाही. दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत त्याला घर गाठायचं असतं. एकदा एक सरदार दरडावतो, "तू शत्रूचा हेर?" बबन घाबरून म्हणतो, "फिटर हाय जी!" आता जपानीत 'हाय' म्हणजे 'होय'. झालं, बबनला बांधलं खांबाला! मी हसून लोळायचे आणि दर रविवारी तोच प्रसंग पुन्हा मागायचे.

रेवा इथे रायस्वाइकला जन्मली. ती सहा वर्षांची झाली तेव्हा बाबांनी व्हिडिओ कॉलवर तिच्यासाठी बबनला पुन्हा सुरुवातीपासून काढलं. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. तुमच्यापैकी जे निघून आलेत त्यांच्या घरी हेच चालत असणार. सरदाराचा प्रसंग आला. बाबांनी आवाज बदलून "फिटर हाय जी!" म्हटलं आणि हसायला जागा ठेवली. रेवा गप्प. आमच्या घरात 'हाय' कुणी बोलतच नाही, तिला कळणार कुठून? बाबांनी समजावून सांगितलं. मग पुन्हा समजावलं. शेवटी त्यांनी विचारलं, "कशी वाटली गोष्ट?"

रेवा म्हणाली, "साय."

डचमध्ये त्याचा अर्थ कंटाळवाणं. पण बाबांचा चेहरा असा काही उजळला की मी तोंड उघडायच्या आत ते आईला हाका मारत सुटले. "अगं, ऐकलंस का? पोरगी स्वतःला साय म्हणतेय! दुधावरची साय!" आई ओल्या हातांनी धावत आली. "बघा, दुधापेक्षा सायीलाच जपावं लागतं," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. आता सांगा, त्या दोघांना मी काय सांगणार होते?

काहीच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी गोष्टीत साय नावाची राजकन्या आली. ती पांढऱ्या घोड्यावरून यायची आणि बबनला दर वेळी वाचवायची. गोष्ट संपली की बाबा विचारायचे, "कशी वाटली?" रेवा म्हणायची, "साय." बाबा खूश. एकदा रेवाने मला डचमध्ये विचारलं, मी कंटाळवाणं म्हटलं की आजोबा का हसतात? मी म्हटलं, आजोबांना गंमत आवडते. म्हणजे इकडेही थाप, तिकडेही थाप. असं तीन वर्षं चाललं, आणि मी त्याला दोघांना सांभाळणं म्हणत होते.

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा तीन महिन्यांसाठी आले. बाबा संध्याकाळी खालच्या बाकावर बसायचे. एक दिवस मी ऑफिसातून येऊन सायकल लावत होते, तेव्हा तळमजल्यावरच्या डच आजींना ते आपल्या ट्रेनिंगच्या इंग्रजीत सांगत होते, "माय स्टोरी, एव्हरी संडे, शी सेज साय! आय ॲम व्हेरी हॅपी." आजी आधी हसल्या, मग गोंधळल्या. "बट दॅट मीन्स बोरिंग," त्या म्हणाल्या. इथल्या माणसांना जे आहे ते तोंडावर सांगायची सवय असते. मला ती अकरा वर्षांत लागली नाही.

बाबा वर आले. चपला काढल्या, हात धुतले.

"साय म्हणजे कंटाळवाणं का गं?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. "रेवाचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "पण जॉब चुकतोय हे वेळेवर कळलं, तर मशीन थांबवून सेटिंग बदलता येतं. मी गोष्ट बदलली असती ना. तू मला तीन वर्षं स्क्रॅप काढायला लावलंस."

त्यानंतर गोष्ट बंद झाली. पुण्याला परतल्यावर रविवारचे कॉल चालू राहिले, पण त्यात हवा, शाळा, काय जेवलात. एकदा रेवानेच अडखळत मराठीत विचारलं, "बबन कुठे?" बाबा म्हणाले, "तो रिटायर झाला, बाळा." तिच्याकडून मराठी प्रश्न यावा म्हणून आम्ही जीव टाकत होतो, आणि आला तेव्हा त्याला उत्तर उरलं नव्हतं. चूक माझी होती आणि त्या वेळी तरी ती कबूल करायला हवी होती. मी पोळ्यांचं पीठ मळत राहिले.

परवा आईच्या बोलण्यात निसटलं की बाबा बाथरूममध्ये पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालतात. मधल्या रविवारच्या कॉलवर ते फक्त छातीपर्यंतच दिसत होते आणि मजेत आहे म्हणत होते. मी ओरडले, "मला का नाही कळवलंत?"

आई म्हणाली, "हेच म्हणाले, तिला वाईट वाटेल."

घर म्हणजे काय, असं इथल्या मराठी मंडळात दर दिवाळीला कुणीतरी भाषणात विचारतं. माझ्या मते, जिथली वाईट बातमी आपल्यापर्यंत लगेच पोचते ते आपलं घर. बाबा पडल्याचं कोपऱ्यावरच्या वाण्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मला वीस दिवसांनी कळलं.