चिठ्ठीतलं शेवटचं मिनिट

आमच्या धुळ्यातल्या गल्लीच्या तोंडाशी मिक्सर-पंखे दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. सिनेमे आता सगळे मोबाईलवर पाहतात. हे मात्र मारधाडीच्या सिनेमांच्या डिस्क जमवतात, त्याही सेन्सॉरची कात्री न लागलेल्या. "भाऊ, यामा बठ्ठं शे, काहीच कापेल नही," यात सगळं आहे, हे ते अस्सल तूप विकणाऱ्याच्या आवाजात सांगतात. बोलताना हातातल्या कामावरून नजर उचलत नाहीत. फोन मात्र पहिल्याच रिंगला उचलतात, हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न असलं तरी.

डिस्क देताना डबीत एक चिठ्ठी ठेवतात. घरी बायकापोरं सोबत बसली तर काय पुढे ढकलायचं, ते तिच्यात मिनिटांसकट लिहिलेलं असतं. 'एकवीस: हात तुटतो. पंचावन्न: हातोडा, डोकं.'

मागच्या महिन्यात आणलेल्या डिस्कच्या चिठ्ठीत शेवटची ओळ होती, 'एक तास बारा: हे मीपण ढकलतो.'

हातोडा चालणाऱ्या माणसाला काय चालत नसेल, म्हणून घरी कुणी नसताना मी मुद्दाम तेच लावलं. मारामारी संपलेली होती. मरून पडलेल्या एका गुंडाच्या खिशात फोन वाजत होता. वाजून बंद पडला, पुन्हा वाजला. मिनिटभर एवढंच. रक्ताचा थेंब नाही.

डिस्क परत द्यायला गेलो तेव्हा त्यांनी पंख्यातून मान वर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बठ्ठं देखं का?"

"नाही," मी म्हटलं. "चिठ्ठीत होतं तेवढं ढकललं."