चिमूटभर पॅलेडियम

मी आता जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बसते. वजनकाटा इथेही आहे. त्याच्यासमोर बसलं की अजून कधीकधी माझे कान गरम होतात.

तेव्हा मी पीएच.डी. करत होते. आमचा उत्प्रेरक म्हणजे एक काळी पूड. कापूस वेचून झाला की केदारखेड्याच्या आमच्या शेतात पऱ्हाट्या उरायच्या. त्या वाळक्या काड्या वडील पत्र्याच्या बंद डब्यात कोंडून भाजायचे. तो कोळसा मी एसटीनं जालन्याला आणायचे, कुटून वस्त्रगाळ करायचे आणि त्यावर पॅलेडियम या महागड्या धातूचा थर चढवायचे. कॉलेजात सगळे मला कोळसेवाली म्हणायचे. म्हणोत बापडे! त्या पुडीच्या जोरावर दोन रेणू साध्या पाण्यात, थोड्या अल्कोहोलच्या सोबतीनं जोडले जायचे. डोकं उठवणारी, विषारी द्रावणं लागायची नाहीत. काम झालं की पूड गाळायची, धुवायची, वाळवायची आणि पुन्हा वापरायची. आमची पूड पाच वेळा वापरूनही थकत नव्हती.

माझे मार्गदर्शक सर खूश होते. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे शोध शिकवले. स्वतःच्या प्रयोगशाळेतलं काही परिषदेत उभं राहून सांगायची ही पहिली आणि शेवटचीच संधी. परिषदेला आमच्या कामाचा सारांश पाठवून झाला होता. 'पाच वेळा' हे शब्द त्यांनी स्वतः ठळक केले होते.

परिषदेला तीन आठवडे उरले असताना दुपारी ते माझी वही चाळत होते.

"काय गं, दर येळेला पुडीचं वजन इतकं बराबर कसं काय येऊन राह्यलं?"

"कमी भरलं की चिमूटभर ताजी घालते ना, सर," मी अगदी अभिमानानं सांगितलं.

गाळणकागदाला, चंबूच्या तळाला चिकटून दर वेळी थोडी पूड जायचीच. आणि आमच्या घरात अपुरं माप ही लाजेची गोष्ट. कुणाला ज्वारी मोजून दिली की वडील म्हणायचे, "वर ओंजळभर टाक, माय. काठोकाठ मापून देणं बिलकुल चांगलं न्हाई." माझा हातही त्याच वळणाचा. काट्यावर आकडा कमी दिसला की मला राहवायचंच नाही.

सरांनी वही मिटली. "अगं, म्हातारा बैल थकला का न्हाई, ते बघायचं व्हतं आपल्याला. तू तर दर फेरीला नवा बैल जुंपून राह्यली!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पूड जेवढी कमी भरेल, त्या प्रमाणात बाकीचा मालही कमी घ्यायचा, एवढं साधं होतं. मी रडायला लागले. सर चिडलेच होते. दार आपटून बाहेर गेले. थोड्या वेळानं दोन कप चहा घेऊन आले आणि म्हणाले, "चल, पह्यल्यापासून करू."

ते तीन आठवडे मला अजून हवेसे वाटतात. सर स्वतः बाह्या सरसावून चंबू विसळायचे. दुपारी त्यांच्या डब्यातली पोळी आणि माझी भाकरी-ठेचा अशी अदलाबदल व्हायची. ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी मागायचे. पूड तीन वेळा झकास चालली. चौथ्यांदा रेंगाळली. पाचव्यांदा तिनं हात टेकले. सर म्हणाले, "तीन तर तीन." पण म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते, आणि मला फार वाईट वाटलं.

परिषद संभाजीनगरला होती. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बोलले छान. मग पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी छापील सारांश वर धरला. "इथं पाच लिहिलंय. तुम्ही तीन म्हणताय. खरं काय धरायचं?"

मागून कुणीतरी हसलं.

सरांनी चष्मा पुसला. "तीन. पाचचा आकडा चुकीचा आहे. वजनं करताना माझ्या हातून चूक झाली."

माझ्या हातून, म्हणाले. सगळ्या सभागृहासमोर, निवृत्तीला महिना राहिला असताना. मी शेवटच्या रांगेत होते. उठून फक्त 'ती चूक माझी' एवढंच म्हणायचं होतं. सरांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी वही छातीशी धरून तशीच बसून राहिले.