त्यांच्या नावाची बाटली

ॲनिलीन हा शब्द मला लग्नानंतर कळला, तोही वासावरून. नवरा कारखान्यातून सरावलीच्या आमच्या खोलीत आला की आधी तो वास आत यायचा, मग ते. बोईसरच्या एका कारखान्यात ते ॲनिलीनची पिंपं भरतात. रंग बनवायला लागतं ते, तेलासारखं असतं. त्यांचा गणवेश मी रोज दुपारी हाताने घासून धुवायचे. धुतल्यावर डोकं ठणकायचं, हातपाय गळून जायचे. उपाशीपोटी काम करतेस म्हणून होतं, असं शेजारणी म्हणायच्या आणि मीही तेच धरून चालले होते.

मागच्या वर्षी एका वैद्यकीय महाविद्यालयाची माणसं कामगारांची तपासणी करायला आली. ॲनिलीन शरीरात किती जातं ते लघवीतून कळतं म्हणे, त्यावर त्यांचं संशोधन होतं. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावलेली बाटली मिळाली. शिफ्ट सुटल्यावर भरायची आणि संध्याकाळी ती माणसं गावातल्या शाळेत बसायची तिथे आणून द्यायची. कारखान्याला काही कळवणार नाही, असं त्यांनी दहादा सांगितलं, पण विश्वास कोणाचा बसतोय! ज्याचं जास्त निघेल त्याचं काम जाणार, ही बातमी गेटबाहेर पडायच्या आत सगळ्यांच्या तोंडी झाली होती.

नवऱ्याने घरी येऊन बाटली माझ्या पुढ्यात ठेवली.

"तू भर. तू कदी कारखान्यात जातेस का? नाय. मग तुजं साफच हाय."

"म्हणजे आता हेही काम माझ्याच गळ्यात?" मी म्हटलं. मला हसू आवरेना. आदल्या दिवसाचा गणवेश धुऊन, वाळत घालून मी नुकतीच आत आले होते, तशीच बाटली घेऊन न्हाणीत गेले. आपण कोणाला फसवतोय असं मनातही आलं नाही. नोकरी वाचवत होते मी.

महिन्याभराने पालघरला बोलावणं आलं. दोघं गेलो. तपासणीवाली डॉक्टर तरुण मुलगी होती. कागद बघत नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या लघवीत ॲनिलीनच्या खुणा बऱ्याच आहेत. त्या दिवशी डोकेदुखीची, तापाची गोळी घेतली होती का? काही गोळ्यांनीही असंच दिसतं."

ते नाही म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मीही घेतली नव्हती. मग मीच विचारलं,

"ताई, कपडे धुणाऱ्या बाईला होतं का हे?"

"होऊ शकतं. कातडीतून आत जातं ते. मग रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. डोकं दुखतं, ओठ निळसर पडतात. खरं तर हे कपडे घरी आणूच नयेत. पण घरच्या बायकांची तपासणी आम्ही अजून केलेली नाही."

केलीत की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नवऱ्याने टेबलाखाली चपलेने माझा पाय दाबला.

"बोललीस तर माजं काम जाईल," बाहेर आल्यावर ते म्हणाले.

"आणि मी गेले तर?"

आठ दिवस माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. येता-जाता आरशात ओठ बघायचे, हात हुंगायचे, भाजी करपवायचे. गणवेश काठीने उचलून दाराबाहेर टाकला. त्यांनी तो मुकाट्याने स्वतः धुतला, तरी माझा राग उतरेना. तो सगळा राग माझ्या एकटीच्या जिवासाठी होता, हे कबूल करते.

नवव्या दिवशी ते पहिल्या शिफ्टला गेले आणि मी एकटीनेच पालघर गाठलं. "ती बाटली माझी होती," डॉक्टरला सांगून टाकलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने माझे हात हातात घेऊन नखं पाहिली, धुण्याचं सगळं विचारून घेतलं, लिहून घेतलं. लिहिता लिहिता थांबली.

"नुसते कपडे धुऊन तुमच्यात एवढं आलं," ती म्हणाली. "मग त्यांच्यात किती असेल?"

आठ दिवसांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"आत्ता कुठे आहेत ते?"

"पिंपावर," मी म्हटलं आणि फोन काढला. नंबर तोंडपाठ असून दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला, वाजत राहिला. शिफ्टभर सगळ्यांचे फोन गेटवर जमा असतात, हे मला तेव्हा आठवलं.